चेहरा उजळविणे ही कारागिरी नव्हे

कापडाच्या बाजारात माल हातात घेऊन पाहणारे गिऱ्हाईक आता कमी झाले आहे. पूर्वी गादीवर ठाण उलगडले जाई, गिऱ्हाईक दोन बोटांत कापड चोळून पाही, दुकानाच्या पायरीवर नेऊन उन्हात रंग पारखी आणि मगच भावाची बोलणी सुरू होत. आता साडीचा किंवा ड्रेस मटेरियलचा फोटो आधी मोबाईलवर जातो आणि माल मागाहून निघतो. सौदा फोटोवरच ठरतो. या फोटोत कापडाच्या खालोखाल जागा असते ती ते कापड अंगावर घेतलेल्या बाईच्या चेहऱ्याची, मानेची आणि हातांची. त्या कातडीचा रंग कॉम्प्युटरवर कसा रंगवावा, त्यावर छाया आणि उजेड कसा चढवावा, हा विषय वरवर पाहता चित्रकारांचा वाटेल. आमच्या मते तो व्यापाऱ्याचाही आहे, आणि आपल्या समाजातील कित्येक कारागीर घरांच्या रोजीचाही आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कातडी खरी दिसेल अशी रंगविणे हे एक पक्के हुनर आहे, त्याचे नियम आहेत आणि ते शिकता येतात. मात्र बाजारात या हुनराच्या नावाखाली सर्रास चालते ते चेहरे पांढरे करण्याचे काम. त्यात कारागिराची मजुरी घटते, कापडाचा रंग बिघडतो, माल परत येतो आणि शिवाय माणसाचा अपमान होतो. या दोन कामांतील फरक आपल्या व्यापाऱ्यांनी आणि नवजवान कारागिरांनी ओळखावा, म्हणून हा लेख.

हे काम आपल्याला नवे नाही

चेहरा रंगविण्याची कला मुंबईच्या रस्त्यांवर वाढली. सिनेमाची मोठमोठी बॅनरे हाताने रंगविली जात, तेव्हा आधी फोटोवर चौकटी आखून तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर पाडल्या जात आणि एकेक चौकट मोठी करून चेहरा उभा केला जाई. शागीर्द पार्श्वभूमी आणि अक्षरे भरीत, चेहऱ्याला मात्र उस्तादच हात लावीत. जवळून पाहिले तर त्या चेहऱ्यात निळे, हिरवे, तांबडे फटकारे दिसत. शंभर फुटांवरून पाहिले की तेच फटकारे जिवंत कातडी होऊन जात. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाची बॅनरे रंगवून पोट भरले, हे सर्वांना ठाऊक आहे.

१९९० च्या दशकापासून फ्लेक्सवरची छपाई आली आणि बॅनर रंगविणाऱ्यांचे काम पाहता पाहता गेले. फोटो स्टुडिओत काळ्यापांढऱ्या फोटोंवर हाताने रंग भरणारे आणि काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल चालविणारे कारागीर त्याआधीच मागे पडले होते. १९९० साली फोटोशॉप हा प्रोग्रॅम बाजारात आला. १९९४ च्या आवृत्तीत त्यात लेयरची सोय झाली, म्हणजे एकावर एक पारदर्शक कागद ठेवल्याप्रमाणे वेगवेगळ्या थरांवर रंग भरता येऊ लागला. ब्रश गेला, त्याच्या जागी पेन आणि पाटी आली. पण उस्तादाला जे ठाऊक होते ते कॉम्प्युटरला आपोआप ठाऊक झाले नाही. निळा फटकारा कोठे मारावा, हे आजही माणसालाच सांगावे लागते.

कातडी म्हणजे अस्तर लावलेली मलमल

नवशिका कारागीर पहिल्यांदा विचारतो, कातडीचा रंग कोणता? कातडीचा रंग म्हणून एक रंग नाही. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर कातडी ही पातळ मलमल आहे आणि तिला आतून तांबडे अस्तर आहे. वरच्या थरात मेलॅनिन नावाचे तपकिरी-काळे द्रव्य असते. ते कमी-जास्त असण्यावर माणूस गोरा, गव्हाळ की सावळा हे ठरते. त्याच्या खाली रक्त वाहते. उजेड वरून पडला की त्यातला थोडा भाग पृष्ठभागावरूनच परततो, उरलेला आत शिरतो, आत विखुरतो, तांबडा होऊन थोड्या अंतरावर पुन्हा बाहेर येतो. अंधारात मोबाईलच्या बॅटरीवर बोटे ठेवून पाहावीत, बोटांच्या कडा निखाऱ्यासारख्या लाल दिसतात. ऊन पाठीमागून आले की माणसाच्या कानाची पाळी लाल दिसते, तीही याच कारणाने.

सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगात काढलेले दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीसमोर धरलेल्या हाताच्या बोटांतून आलेली लाली त्या चित्रात पाहावी. जलरंगात चूक पुसता येत नाही. ज्याने कातडीत उजेड शिरताना डोळे उघडे ठेवून पाहिला असेल त्यालाच ते साधते.

शास्त्रज्ञांना हीच गोष्ट गणितात बसविण्यास बराच काळ लागला. २००१ साली हेन्रिक वान येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कातडी, दूध, संगमरवर यांसारख्या पदार्थांत उजेड कसा विखुरतो याचे सोपे गणित मांडले. त्यानंतर सिनेमातील कॉम्प्युटरवर बनविलेली माणसे मेणाच्या बाहुल्यांसारखी दिसायची थांबली. या कामाबद्दल २००४ साली अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीने त्यांना तांत्रिक पारितोषिक दिले. तोपर्यंत चित्रकार हे काम नजरेने करीत होते, आणि हाताने रंगविणाऱ्याला आजही ते नजरेनेच करावे लागते.

गोरा असो वा सावळा, घर एकच

कॉम्प्युटरवर रंग तीन गोष्टींनी मोजतात. पहिली रंगाची जात, म्हणजे तो लाल, पिवळा, निळा यांपैकी कोठला. ती ० ते ३६० अंशांच्या चक्रावर दाखवितात. दुसरी रंगाची तीव्रता, म्हणजे तो किती भडक वा किती फिका. तिसरी उजळपणा, म्हणजे तो किती उजेडाचा वा किती अंधाराचा. शेवटच्या दोन्ही गोष्टी शंभरात मोजतात.

आता मौजेची गोष्ट पाहा. जगातील बहुतेक माणसांच्या कातडीची जात या चक्रावर लाल आणि पिवळ्याच्या मध्ये, नारिंगीच्या घरात पडते. उदाहरणादाखल साध्या उजेडात गोऱ्या कातडीसाठी जात २६, तीव्रता ३५, उजळपणा ९० घेऊन सुरुवात करता येईल. गव्हाळ कातडीसाठी जात २४, तीव्रता ५०, उजळपणा ७२ घ्यावा. सावळ्या कातडीसाठी जात २०, तीव्रता ५८, उजळपणा ४८ चालेल. हे आकडे पहिला हात मारण्यापुरते आहेत, पुढे उजेडाप्रमाणे ते बदलावेच लागतात. पण जात जवळजवळ हललेली नाही, हे ध्यानात घ्यावे. व्हिडिओ संपादन करणारे लोकही रंग तपासण्याच्या यंत्रावर सर्व वर्णांच्या माणसांसाठी एकच रेषा धरून चालतात. गोऱ्या-काळ्यावरून माणसे एवढी भांडतात, आणि यंत्रावर पाहिले तर सारे एकाच घरातले. कुरआन शरीफच्या सूरह रूममध्ये भाषांचा आणि रंगांचा भेद अल्लाहच्या निशाण्यांपैकी सांगितला आहे. ज्याला हे काम करायचे आहे त्याने ही निशाणी डोळ्यांनी पाहून घ्यावी.

सावळ्या कातडीबाबत एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. पृष्ठभागावरून परतणारी चमक सर्व वर्णांच्या कातडीवर जवळपास सारखीच असते, परंतु गडद रंगावर ती उठून दिसते. म्हणून सावळा चेहरा रंगविताना चमकीचे काम नीट करावे लागते. कपाळ, गालाचे हाड, नाकाचा शेंडा, खालचा ओठ या जागी ती पडते. ती शुद्ध पांढरी नसते. उघड्यावर ती आभाळाची निळसर झाक घेते, घरात दिव्याची पिवळी. काळ्या रेशमावर उजेड कसा खेळतो हे ज्या कारागिराने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

चेहऱ्याचे तीन पट्टे

एकच रंग चेहऱ्यावर सपाट फासला की भिंतीला डिस्टेंपर दिल्यासारखे दिसते. जुने चित्रकार चेहऱ्याचे तीन पट्टे करीत. कपाळावर कातडीखाली लगेच हाड असते, तेथे पिवळसर झाक अधिक. डोळ्यांखालपासून नाकाच्या खालपर्यंतच्या पट्ट्यात रक्ताच्या बारीक वाहिन्या पुष्कळ, म्हणून गाल, नाक आणि कान तांबूस. हनुवटीच्या पट्ट्यात निळसर-करडी झाक, आणि पुरुषाने दाढी केलेली असेल तर ती अधिकच. हा फरक इतका बारीक ठेवायचा की पाहणाऱ्याला तो वेगळा जाणवू नये, पण काढून टाकला तर चेहरा मेल्यासारखा वाटावा. गोऱ्या चेहऱ्यावर हे पट्टे सहज दिसतात, सावळ्या चेहऱ्यावर ते दबून असतात, पण असतात. बोटांची पेरे, कोपर, गुडघे यांचा रंगही बाकीच्या हातापायापेक्षा वेगळा असतो. बांगड्यांच्या जाहिरातीत हात रबरी मोज्यासारखे दिसतात, त्याचे कारण हा फरक पुसून टाकलेला असतो.

सावली काळी नसते

नव्या कारागिराचा सर्वांत मोठा दोष म्हणजे सावलीसाठी मूळ रंगात काळा मिसळणे. त्याने कातडीवर राख फासल्यासारखे होते. सावलीत जाताना उजळपणा कमी करावा, तसा रंग जातीने थोडा लालाकडे सरकवावा आणि तीव्रता किंचित वाढवावी. उघड्यावर ऊन असेल तर ज्या भागाला आभाळ दिसते त्या सावलीत निळसर झाक येते.

गालावर उजेड संपून सावली सुरू होते त्या सीमेवर विशेष लक्ष द्यावे. आत शिरलेला उजेड येथेच तांबडा होऊन बाहेर पडतो, म्हणून या सीमेवर लालसर, तीव्र रंगाची बारीक पट्टी असते. ही एक पट्टी बरोबर पडली तर अर्धे काम झाले असे समजावे. सावलीच्याही दोन जाती आहेत. गालाच्या गोलाईने पडणारी सावली हळूहळू वितळते, तिची कड मऊ असते. नाकाची ओठावर वा पदराची मानेवर पडणारी सावली कडक उन्हात स्पष्ट कापलेली असते. सगळीकडे एकाच मऊ ब्रशने धूर सोडला की चेहरा फुग्यासारखा होतो. सगळीकडे कडक कड ठेवली की लाकडाचा होतो.

कापडाचा रंग कातडीवर उतरतो

आता आमच्या धंद्याच्या मर्माशी येतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेले आणि पुढे काहिरात राहिलेले इब्नुल हैसम यांनी 'किताबुल मनाझिर' या ग्रंथात उजेड आणि दृष्टी यांचे शास्त्र मांडले. रंगीत वस्तूवर पडलेला उजेड परतताना तिचा रंग बरोबर घेऊन जातो आणि जवळच्या पांढऱ्या वस्तूवर तो उमटतो, ही गोष्ट त्यांनी प्रयोगांनी दाखविली. साडीच्या फोटोत हेच घडते. राणी रंगाची साडी असेल तर हनुवटीच्या खाली, जबड्याच्या कडेला आणि दंडाच्या आतल्या बाजूला राणी रंगाची झाक असते. हिरवी साडी असेल तर हिरवट.

बाजारात एकाच डिझाइनचे सहा-आठ रंग निघतात, त्याला आपण मॅचिंग म्हणतो. खर्च वाचावा म्हणून एकाच रंगाची साडी नेसवून फोटो काढतात आणि उरलेले रंग कॉम्प्युटरवर बदलून घेतात. त्यात गैर काही नाही. पण साडी राणीची हिरवी होते आणि हनुवटीखालची झाक राणीचीच राहते. गिऱ्हाइकाला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, परंतु फोटो खोटा आहे हे तिच्या डोळ्यांना कळते आणि ती पुढच्या दुकानाकडे वळते. ज्या कारागिराला ही झाक ओळखून वेगळ्या लेयरवर बदलता येते, त्याने केलेले आठही फोटो आठ वेळा काढल्यासारखे दिसतात. असा कारागीर मिळाला तर व्यापाऱ्याने त्याला सोडू नये.

शेजारचा रंग डोळ्यांनाही फसवितो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई खात्याचे प्रमुख असलेले शेव्रल यांच्याकडे तक्रार आली की काळा रंग पक्का लागत नाही, तो फिका दिसतो. त्यांनी तपासले तेव्हा काळ्या धाग्यात दोष आढळला नाही. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे तो तसा दिसत होता. त्यातूनच १८३९ साली त्यांचा रंगांच्या परस्पर परिणामावरील ग्रंथ निघाला. रंगाऱ्याच्या तक्रारीतून निघालेले हे शास्त्र जगभरच्या चित्रकारांनी उचलले. कातडीलाही ते लागू आहे. एकच गव्हाळ रंग पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळपट दिसतो, गडद पार्श्वभूमीवर उजळ, आणि हिरव्यावर तांबूस. म्हणून रंगविण्यास बसताना कोरी पांढरी स्क्रीन ठेवू नये, मध्यम करडी ठेवावी.

उजळविण्याचा रोग

इतके बारकावे असलेल्या या कामाचे बाजारात काय झाले आहे? फोटो येतो, कोणीतरी म्हणते, "जरा उजळ करा," आणि कारागीर एक बटण ओढतो. सारा फोटो उजळला की जरीचे वजन जाते, राणी गुलाबी होते, मरून लालावर येतो. नुसता चेहरा उजळला तर चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे असे होते. शिवाय पांढऱ्या केलेल्या चेहऱ्याशेजारी कापड आहे त्याहून गडद भासते, हे वर सांगितलेच. पार्सल उघडून गिऱ्हाईक म्हणते, रंग वेगळा आला. माल परत येतो, जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडते आणि घडी मोडलेला माल कमी भावाने काढावा लागतो. चेहरा उजळविण्याची ही किंमत आपण वहीत कोठेच मांडत नाही.

हा रोग यंत्रातही होता. १९५० च्या दशकापासून कोडॅकच्या फिल्मचे फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांत रंग जुळविण्यासाठी गोऱ्या बाईच्या फोटोचे कार्ड वापरीत, त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी बरोबर आली म्हणजे रंग बरोबर, असा हिशेब होता. गडद वर्णाच्या माणसांचे फोटो काळेठिक्कर येत. कंपनीच्याच जुन्या अधिकाऱ्यांनी पुढे सांगितले की फिल्म सुधारण्याचा दबाव आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांकडून, कारण त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नव्हत्या. माणसांसाठी जे झाले नाही ते मालासाठी झाले. त्यानंतर पुष्कळ बदल झाला. हार्वर्ड विद्यापीठाचे एलिस मंक यांनी केलेली कातडीच्या १० छटांची पट्टी गूगलने २०२२ साली सर्वांसाठी खुली केली. आपल्याकडे १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हली या क्रीमचे नाव २०२० साली बदलून ग्लो अँड लव्हली करावे लागले. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ साली कातडी उजळविणाऱ्या क्रीमांच्या जाहिरातींसाठी नियम केले, त्यांत सावळ्या वर्णाला कमी लेखण्यास मनाई आहे. मोठ्या कंपन्यांना जे कळले ते आपल्या कॅटलॉगांत मात्र अजून उतरलेले नाही.

आपली बहुतेक गिऱ्हाइके गव्हाळ आणि सावळी आहेत. पांढऱ्याफटक चेहऱ्याखाली मोरपंखी रंग कसा दिसतो हे पाहून त्यांना काय उपयोग? तो रंग आपल्या अंगावर खुलेल की नाही, एवढेच त्यांना पाहायचे असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल निघाली, तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ओला माल खाली आणि कोरडा वर ठेवणाऱ्याला त्यांनी जे बजावले ते फोटोलाही लागू नाही काय? फोटोत सुरकुती काढणे, धूळ पुसणे, उजेड सारखा करणे ही मालाची मांडणी झाली. कापडाचा आणि माणसाचा रंग बदलणे ही ओल झाकणे झाली.

शिकावे कसे

या कामासाठी फार मोठे भांडवल लागत नाही. एक बरा कॉम्प्युटर आणि स्क्रीन नसलेली साधी पेनची पाटी पुरते. हात जोराने दाबला की रेघ जाड आणि हलका ठेवला की बारीक, हे या पाटीला कळते, माउसला कळत नाही. क्रिटा आणि गिंप हे प्रोग्रॅम फुकट मिळतात, तेव्हा चोरीच्या प्रती वापरण्याचे कारण नाही. खोलीत पांढरा उजेड असावा. पिवळ्या बल्बखाली डोळे पिवळ्याला सरावतात आणि रंगाचा अंदाज चुकतो. स्क्रीन रात्री आपोआप पिवळी करण्याची सोय बंद ठेवावी.

महिनाभर फोटोला हात लावू नये. एका दिव्याखाली स्वतःचा हात ठेवून तोच रंगवीत राहावे. आधी उजेड, मधली छटा, सावली असे तीनच रंग घेऊन आकार उभा करावा. मग सीमेवरची लाली, मग परतलेल्या उजेडाची झाक आणि सर्वांत शेवटी चमक. छिद्रे आणि केस हे बारीक काम अगदी अखेरचे. घरातल्या चार वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांचे हात रंगविले तर पुस्तकात मिळणार नाही इतके शिकायला मिळते. काम झाले की चित्र आरशात पाहिल्यासारखे उलटे करून पाहावे, त्यातला रंग काढून नुसता काळापांढरा उठाव पाहावा, आणि अंगठ्याएवढे लहान करून पाहावे. गिऱ्हाईक मोबाईलवर तेवढेच पाहणार असते.

काम छापखान्यात जाणार असेल तर हिशेब बदलतो. स्क्रीनवर उजेडाचे रंग असतात, कागदावर चार शाया. कातडीत पिवळी शाई गुलाबीपेक्षा थोडी जास्त असावी, निळी गोऱ्या रंगात गुलाबीच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाएवढी आणि गव्हाळ-सावळ्यात त्याहून जास्त. गुलाबी वाढली की चेहरा उकडलेल्या कोळंबीसारखा येतो. पूर्ण काम छापण्यापूर्वी एक नमुना काढून दिवसाच्या उजेडात पाहावा. कापड पाहताना आपण हेच करीत आलो आहोत.

२०२२ पासून शब्द लिहिले की चित्र काढून देणारे प्रोग्रॅम सर्वांच्या हाती आले आहेत, मग हे शिकावे कशाला, असे नवजवान विचारतात. प्रश्न रास्त आहे. नुसती पार्श्वभूमी कापून देण्याचे आणि चेहरा गुळगुळीत करण्याचे काम यंत्राकडे जात आहे आणि ते परत येणार नाही. पण यंत्राने काढलेल्या चित्रात काठाची नक्षी पुष्कळदा मूळ मालाशी जुळत नाही, कातडी प्लास्टिकची येते, उजेड चेहऱ्यावर एका बाजूने आणि साडीवर दुसऱ्या बाजूने पडतो. हे ओळखणारी आणि दुरुस्त करणारी नजर ज्याच्याकडे आहे त्याचे काम राहील. फ्लेक्स आले तेव्हा नुसते रंग भरणारे प्रथम गेले होते, हे विसरू नये.

सजीवांची चित्रे काढावीत की नाही, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येतो आणि तो यायला हवा. हाताने काढलेले चित्र आणि फोटो यांबाबत उलेमांची मते एकसारखी नाहीत. आम्ही व्यापारी माणसे, फतवा देणे आमचे काम नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून मन निःशंक करावे. ज्याचे मन मानत नाही त्याच्यासाठीही हे ज्ञान वाया जाणारे नाही. चेहरा न दाखविता नुसता स्कार्फ, बुरखा वा ओढणी दाखविणारे कॅटलॉग निघतात. रेशीम, मोती, लाकूड, फळे यांच्या फोटोंनाही छाया-प्रकाशाची हीच विद्या लागते.

शेवटी दोन्ही बाजूंना सांगणे. व्यापारी बांधवांनी फोटो सुधारायला देताना "उजळ करा" हे दोन शब्द बंद करावेत. त्याऐवजी कापडाचा तुकडा कारागिराच्या हातात द्यावा आणि सांगावे की रंग याच्याशी जुळला पाहिजे आणि बाई आहे तशीच दिसली पाहिजे. पार्श्वभूमी कापण्याचा दर आणि कातडी-कापड जुळविण्याचा दर वेगळा ठेवावा, कारण ही कामे वेगळी आहेत. कारागिरांनी दर, दुरुस्त्या किती वेळा करून देणार आणि पैसे कधी मिळणार हे कामापूर्वी कागदावर घ्यावे, आणि लेयर असलेली मूळ फाइल आपल्याकडे जपून ठेवावी. "गोरी करून द्या" असे कोणी म्हटले तर भांडू नये. एका बाजूला त्यांच्या मागणीप्रमाणे आणि दुसऱ्या बाजूला कापडाच्या तुकड्याशी जुळविलेला, असे दोन फोटो समोर ठेवावेत आणि शेजारी तो तुकडा ठेवावा. व्यापारी माणसाला परत येणाऱ्या मालाचा हिशेब कळतो. खरा फोटो कोणता आणि नफ्याचा फोटो कोणता, हे एकदा एकाच ठिकाणी दिसले की पुढचे काम त्याच कारागिराकडे येईल, इन्शाअल्लाह.